फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? आधी तो उजेडात धरून पाहा

गाडीचा उडालेला फ्यूज लगेच फेकू नका. उजेडासमोर धरा. रंगीत प्लास्टिकच्या आत दोन पात्यांना जोडणारी बारीक पट्टी दिसेल, बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची. ती मधोमध वितळून नुसती तुटली असेल आणि आतलं प्लास्टिक स्वच्छ असेल, तर प्रवाह क्षमतेपेक्षा थोडाच जास्त होता आणि पट्टी सावकाश तापत गेली. अशा वेळी जड फिरणारी मोटर किंवा त्या सर्किटवर नंतर कुणी जोडलेली वस्तू शोधावी. पट्टीचा मधला भागच गायब असेल आणि आत काळा किंवा चंदेरी थर बसला असेल, तर बॉडीला लागलेली उघडी वायर शोधायची. धातूची वाफ व्हायला प्रवाह फार मोठा लागतो.

फ्यूज कधी उडतो, हेही तितकंच बोलकं असतं. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ११ अँपिअर सतत वाहिले तरी तो किमान १०० तास टिकतो. १३.५ अँपिअरला काही मिनिटं तग धरू शकतो, २० अँपिअरला ५ सेकंदांच्या आत जातो आणि ६० अँपिअरला सेकंदाच्या दहाव्या भागात. म्हणून चावी फिरवताक्षणी उडणारा फ्यूज आणि पंखा पाच मिनिटं चालल्यावर उडणारा फ्यूज हे दोन वेगळे आजार आहेत. तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक: खड्ड्यात, वळणावर, रिव्हर्स टाकल्यावर किंवा दार उघडताना उडणारा. पण हलणारा भाग कोणता, ते इथे फ्यूजच सांगतो. कधी काय चालू होतं, याची नोंद ठेवा.

आता सगळ्यांत वाईट सल्ला, जो हमखास मिळतो: "मोठा फ्यूज टाक, बघू काय होतं." जे होतं त्याचा हिशेब सोपा आहे. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तांब्याच्या वायरचा रोध साधारण ०.१ ओहम. तिचं टोक बॉडीला टेकलं की बॅटरीचा अंतर्गत रोध धरूनही ११० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. म्हणजे वायरमध्ये १२०० वॉटहून जास्त उष्णता, एखाद्या इस्त्रीइतकी. या वायरमधलं तांबं जेमतेम २७ ग्रॅम, त्यामुळे तापमान सेकंदाला शंभर अंशांहून जास्त वेगाने चढतं. साधं पीव्हीसी आवरण १०५ अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेलं असतं. फ्यूजने दहाव्या भागात काम संपवलं तर वायर जेमतेम कोमट होते. त्या जागी तार गुंडाळली असेल तर सेकंदभरात आवरण मऊ पडून धूर निघू लागतो.

असं वायरचं टोक बॉडीला टेकणं म्हणजेच शॉर्ट. टोक नीट टेकलेलं नसतं अशा अर्धवट शॉर्टमध्ये धोका आणखी लपलेला असतो. १० च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि २५ अँपिअर वाहू लागले, तर फ्यूज शांत राहील, पण वायरमधली उष्णता १० अँपिअरच्या सहापट होईल, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुडग्यातल्या शेजारच्या वायरीही त्यात भाजतात. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, पुढचं उपकरण त्याच्या हिशेबात नसतं. रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर जो आकडा लिहिलाय तोच.

फ्यूजमागून फ्यूज जाळत दोष शोधू नये. फ्यूजच्या जागी २१ वॉटचा इंडिकेटर किंवा ब्रेकचा बल्ब लावा. होल्डरच्या दोन वायरींना चपटे टर्मिनल दाबून बसवा आणि ते फ्यूजच्या दोन खाचांत घाला. उघडी तार खाचेत कोंबू नका, खाच सैल होते. आता शॉर्ट असला तरी बल्ब प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही आणि पूर्ण प्रकाशाने पेटतो. शॉर्ट सुटला की विझतो. म्हणजे वायर हलवत, कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सांधे) काढत फिरताना हाती जळणाऱ्या फ्यूजऐवजी पेटता दिवा असतो.

मात्र इथे बरेच जण फसतात. बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट आहेच असं नाही, सर्किटवरचा नेहमीचा भारही त्याला पेटवतो. हेडलाइटच्या थंड फिलामेंटचा रोध ओहमच्या काही दशांशांत असतो, त्यामुळे मल्टिमीटरलाही ते शॉर्टसारखे भासतात आणि मीटर बीप करतो. म्हणून त्या फ्यूजवरची सगळी उपकरणं आधी सोडवा: बल्ब काढा, मोटरचे कपलर उपसा, सॉकेटमध्ये लावलेलं काढा. कोणकोणतं ते झाकणावर आणि वायरिंगच्या नकाशात मिळतं. सगळं सुटल्यावर चाचणीचा बल्ब विझला, तर एकेक उपकरण परत जोडा. ज्याला जोडताच बल्ब भगभगून पेटतो त्याच्यावर संशय घ्या. पण ते उपकरण साधा बल्ब किंवा सुरू होतानाची मोटर असेल तर तिथे क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) खरा प्रवाह मोजा, नाहीतर निर्दोष वस्तू बदलली जाईल. सगळं काढूनही बल्ब पेटताच राहिला, तर दोष वायरमध्येच आहे. एअरबॅगच्या सर्किटला हा प्रयोग करू नका. तिच्या पिवळ्या आवरणाच्या वायरींना मीटरही लावायचा नाही. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलला तर हातच लावू नका.

वायरमधला दोष शोधताना दर वेळी उरलेला टप्पा कपलरपाशी अर्धा करत जा. फ्यूजबॉक्सपासून मागच्या दिव्यांपर्यंत मधे जो कपलर असेल तो सोडवा. बल्ब विझला तर दोष त्याच्या पुढे, पेटता राहिला तर अलीकडे. दोन-तीन कपलरांत मीटर-दीड मीटरचा टप्पा हाती लागतो.

मग डोळे वापरा. दार आणि खांबामधली रबरी नळी, डिकीच्या बिजागरीजवळची वळणं, सीटच्या रुळाखालून जाणारा पट्टा, इंजिनखोलीच्या भिंतीतून वायरी जातात तिथलं रबर, एक्झॉस्टच्या जवळून गेलेलं जुडगं, पत्र्याच्या कडेवर टेकलेला बंध. दाराच्या नळीत वायर हजारो वेळा वाकते. आवरणाला आधी बारीक चिरा जातात, मग तांब्याचे काही तंतू तुटतात आणि एखादा तंतू पत्र्याला टोचतो. बाहेरून नळी शाबूत दिसते, म्हणून ती सोडवून आत पाहावं लागतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीवर दातांच्या जोडखुणा असतात. सिगारेट लाइटरच्या सॉकेटमध्ये पडलेलं नाणं, पाणी मुरून हिरवा झालेला टेललाइट होल्डर आणि नंतर जोडलेल्या वस्तूंचे टेपने गुंडाळलेले सांधे तर पहिल्या पाच मिनिटांत बघून टाकावेत.

लपलेल्या वायरीसाठी एक जुना, देखणा उपाय आहे: होकायंत्र. फ्यूजच्या जागी आपोआप तुटणारा-जोडणारा सर्किट ब्रेकर लावला की शॉर्टमधून प्रवाहाचे झटके सुरू होतात. १० अँपिअरच्या वायरपासून २ सेंटिमीटरवर चुंबकी क्षेत्र १०० मायक्रोटेस्ला असतं, पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा दुपटीच्या घरात. वायरवरून होकायंत्र सरकवत न्या: प्रत्येक झटक्याला सुई उडी मारते, आणि शॉर्टची जागा ओलांडली की थांबते. पत्र्याजवळ सुईची दिशा बिघडलेलीच असते, फक्त उडी बघायची. काम झटपट उरका, वायर तापते.

कधी शॉर्ट नसतोच. फ्यूजबॉक्समधली खाच सैल असेल तर तिथेच उष्णता निर्माण होते आणि ती फ्यूजच्या पात्यातून आत शिरते. पट्टी प्रवाह योग्य असूनही वितळते. पात्यावर तपकिरी डाग आणि प्लास्टिक मऊ झालेलं दिसलं तर ही शंका घ्या. खाच बदला, नवा फ्यूज त्याच सैल जागी पुन्हा जाईल.

सापडलेल्या जागी नुसती टेप गुंडाळू नका. बॅटरीची ऋण बाजू सोडा. तीच आधी, कारण ती बॉडीशी जोडलेली असल्याने पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची वायर घाला, सांधा क्रिम्प करा (पकडीने दाबून घट्ट बसवा) आणि आतून डिंक असलेली, तापवल्यावर आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवा. शेजारी दोन-तीन सांधे असतील तर ते समोरासमोर न ठेवता एकमेकांपासून सरकवून घ्या. दाराच्या नळीत, जिथे वायर वाकते, तिथे सांधा येऊ देऊ नका. वायर ज्या कडेवर घासली होती त्या कडेवर रबर लावा, जुडगं बांधून दूर घ्या. मग बॅटरी परत जोडा, उपकरणं सुटीच ठेवून चाचणीचा बल्ब परत लावा आणि दार, डिकी, स्टिअरिंग हलवा, जुडगं हाताने झटका. बल्ब विझलेलाच राहिला की ठरलेल्या अँपिअरचा फ्यूज बसवा.