थॅनेटचं बेटपण कसं गेलं : केंटचे जुने नकाशे

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट काउंटीत, थॅनेट आहे. नावाला ते अजून बेट आहे, पण तिथे जायला होडी लागत नाही. आठव्या शतकात बीड या इतिहासकाराने थॅनेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या वॉन्टसम खाडीची रुंदी तीन फर्लांग, म्हणजे सुमारे ६०० मीटर नोंदवली होती. पुढे स्टाउर नदीचा गाळ साचला, समुद्राने मुखाशी दगडगोट्यांचा दांडा उभा केला आणि मठवाल्यांनी बांध घालून कोकणातल्या खाजणासारखी जमीन काढली. खाडीवरचं सँडविच हे नावाजलेलं बंदर आज समुद्रापासून जवळपास तीन किलोमीटर आत आहे.

ख्रिस्तोफर सॅक्स्टन या नकाशाकाराने १५७५ मध्ये केंटचा नकाशा काढला, तोवर हे बरंचसं उरकलं होतं. चार काउंट्या एकाच कागदावर कोंबलेल्या, त्यामुळे खाडीच्या जागी पाण्याची एक बारीक रेघ तेवढी दिसते. फिलिप सायमन्सनचा १५९६ चा नकाशा फक्त केंटचा. त्यात रस्तेही आहेत. जॉन स्पीडचे नकाशे १६११ च्या सुमाराचे, दिसायला सर्वांत देखणे, म्हणून आजही भिंतीवर तेच टांगले जातात. पण दुसऱ्यांच्या पिकात आपण विळा घातल्याचं, म्हणजे इतरांचे नकाशे वापरल्याचं, स्पीडने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे नकाशावरचं साल हे छपाईचं. किनारा त्याच साली तसा होता असं धरून चालू नये. दोन नकाशांत किनारा सारखा दिसला, तर तो हलला नाही यापेक्षा उतरवून घेतला असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

अठराव्या शतकात चित्र पालटलं. सोसायटी ऑफ आर्ट्सने १७५९ मध्ये मैलाला एक इंच प्रमाणाच्या, नव्याने मोजणी केलेल्या काउंटी-नकाशांसाठी १०० पौंडांचं बक्षीस लावलं. केंटचा मैलाला दोन इंचांचा नकाशा १७६९ मध्ये निघाला. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा पहिला छापील नकाशाही केंटचाच, १८०१ चा. फ्रेंच स्वारीची भीती होती आणि हा किनारा फ्रान्सच्या सर्वांत जवळचा.

खाडीच्या उत्तर तोंडाशी रिकल्व्हर हे गाव आहे. तिथे उलटं घडलं : समुद्र कडा खात आत आला. रोमन किल्ल्याचा सुमारे अर्धा भाग गेला. १८०९ मध्ये चर्च पाडलं, तेव्हा त्याचे जोडमनोरे मात्र ट्रिनिटी हाउस या दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेने जहाजांना खूण म्हणून राखले. ते अजून उभे आहेत, त्यामुळे जुन्या नकाशांवर मोजायला एक पक्का बिंदू मिळतो.