इंदूरमध्ये लहान मुलांची विकास-तपासणी: अर्ज कुठे अडतो

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (आरबीएसके, 2013 पासून) 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. वजन, दंडाचा घेर, डोळे, कान, हृदय, चालणं, बोलणं बघतात आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) पाठवतात. तपासणीसाठी मूल आणि मातृ-शिशु सुरक्षा कार्ड एवढं पुरे. कागद गोळा होईपर्यंत तपासणी लांबवू नका.

मूल खासगी प्ले-स्कूलमध्ये जात असेल तर पथकाशी त्याची गाठच पडत नाही. वार्डातल्या अंगणवाडीत पथकाची तारीख विचारून ठेवा, नाहीतर सरळ इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) किंवा चाचा नेहरू या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग ओपीडीत दाखवा.

वयाचा हिशेब बरेचजण चुकवतात. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ दहा महिन्यांचं झालं, तर विकासाच्या दृष्टीनं ते आठच महिन्यांचं धरायचं, आणि हे दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी किती आठवड्यांचं बाळ होतं हे लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड लागतं, आणि नेमकं तेच घरात सापडत नाही. आजच फोटो काढून ठेवा. आता उलटी चूक. नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचं झालं तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, तर ‘ह्याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत थांबू नका. येत असलेले शब्द गेले, तर वय न बघता लगेच दाखवा.

शस्त्रक्रियेची मदत किंवा दिव्यांग पेन्शन हवी असेल तर खरी कागदपत्रं लागतात. जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असते, कारण नोंद बारशाआधीच होते. नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव मोफत घालता येतं, नंतर विलंब शुल्क पडतं. दाखला पूर्ण झाला की बाल आधार (पाच वर्षांखालच्या मुलाचं, ठसे न घेता मिळणारं आधार), मग समग्रमध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, मुलाचं नाव. फॉर्मवर नऊ आकडी सदस्य आयडी मागतात आणि लोक आठ आकडी परिवार आयडी लिहून येतात. अर्ज परत येतो, कारण मात्र कोणी धड सांगत नाही.

मराठी घरांत आणखी एक अडचण हमखास येते. दाखल्यावर ‘आर्या देशपांडे’, आधारवर मधे वडिलांचं नाव. डिस्चार्ज कार्डावर आईचं माहेरचं आडनाव, समग्रमध्ये सासरचं. खिडकीवर ही दोन वेगळी माणसं ठरतात. आईबापांना दिवसभर रांगेत ताटकळवून शेवटी हे सांगणं अन्यायाचंच आहे, पण घडतं ते असंच. म्हणून पहिल्या दाखल्यावर जे नाव, तेच पुढे सगळीकडे, अक्षर न बदलता.

दिव्यांगतेच्या दाखल्याचा आणि यूडीआयडीचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. बौद्धिक विकासातल्या विलंबासाठी वर्ष पूर्ण होण्याआधी दाखला मिळत नाही, आणि पाच वर्षांपर्यंत मिळतो तो तात्पुरता. त्यावरची मुदत वाचा. ती संपायच्या आधीच फेरतपासणीची तारीख घ्या आणि पाच वर्षं पूर्ण होताच मुलाच्या बोटांचे ठसे आधारमध्ये नोंदवा.