चिपमंक खातो किती आणि नेतो किती
(दाण्याच्या पाकिटासोबतचं माहितीपत्रक)

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये एक तक्रार ठरलेली असते. सकाळी चिपमंकसाठी वाटीभर दाण्यांचं मिश्रण अंगणात ठेवलं आणि तासाभरात वाटी साफ. एवढासा जीव एवढं खातो तरी कसं?

तो खात नाही, नेतो. चिपमंक म्हणजे खारीच्या कुळातला, पाठीवर पट्टे असलेला छोटा प्राणी. त्याचं वजन साधारण 100 ग्रॅमच्या आसपास. वाटीभर दाणे त्याच्या पोटात मावायचे नाहीत, पण दहा-बारा खेपांत बिळात सहज जातात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘टॅमियास’ हा ग्रीक शब्दही तेच सांगतो. त्याचा अर्थ कोठी सांभाळणारा, भांडारी. पुढचं सगळं वाचताना ही कोठी लक्षात ठेवलीत, तर काय घालायचं आणि काय नाही याचा उलगडा आपोआप होईल.

आधी ओळख

पाठीवर पट्टे असलेली प्रत्येक खार म्हणजे चिपमंक नव्हे. चिपमंकचे पट्टे चेहऱ्यावरही असतात, डोळ्याच्या वर आणि खाली. त्याच्या साधारण 25 जाती आहेत. एक सायबेरियन चिपमंक सोडला, तर बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. सायबेरियन जात आशियाच्या उत्तर भागात राहते. या पत्रकात आम्ही मुख्यतः पूर्व उत्तर अमेरिकेतल्या चिपमंकबद्दल लिहिलं आहे, कारण अंगणात येऊन वाटी साफ करणारा बहुधा तोच असतो.

गालफडांची करामत

एकदा शांत बसून बघाच. तो दाणा पुढच्या दोन्ही पंजांत धरतो, फिरवून बघतो आणि गालात सरकवतो. बीच नावाच्या झाडाच्या बीला टोक असेल तर ते आधी कुरतडून टाकतो, म्हणजे गालाला आतून टोचत नाही. मग पुढचा दाणा, मग त्याच्या पुढचा. दोन्ही गालफडं भरली की प्रत्येक गाल जवळजवळ डोक्याएवढा फुगतो. सूर्यफुलाच्या साठ-सत्तर बिया एका खेपेत नेणं त्याला अवघड नाही. गालांतल्या या पिशव्या तोंडाच्या आतूनच उघडतात. बिळात पोचल्यावर तो पंजांनी गाल बाहेरून पुढे ढकलतो आणि माल ओततो.

आमच्या खिडकीसमोर येणारा एक जण अख्खी भुईमुगाची शेंग आडवी घालायला बघतो. शेंग दोन्ही बाजूंनी बाहेर राहते. मग ती काढून उभी घालतो. रोज तेच, आणि रोज पहिला प्रयत्न आडवाच.

रानात काय खातो

दाणे आणि बिया हा मुख्य आहार. ओक, बीच, हिकरी या झाडांची फळं, मेपलच्या झाडाच्या पंखवाल्या बिया. पण त्याला निव्वळ शाकाहारी समजू नका. भुंगे, अळ्या, गोगलगायी, गांडुळं तो आवडीने खातो. संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडी आणि पिल्लंही, कधी एखादा लहान बेडूकसुद्धा. गोंडस चेहऱ्यामुळे हे अनेकांना खरं वाटत नाही.

ऋतूप्रमाणे ताट बदलतं. वसंतात बिळाबाहेर येतो तेव्हा बिया दुर्मीळ असतात, म्हणून कोंब, कळ्या आणि रानफुलांचे कंद. उन्हाळ्यात किडे आणि रसाळ फळं. चेरी सापडली की पुष्कळदा गर टाकून देतो आणि कोय ठेवतो, कारण गर टिकत नाही, कोय टिकते. अळंबी तर त्याला फारच प्रिय. काही जाती जमिनीखाली वाढणारी बुरशीची फळं उकरून खातात आणि त्यांचे बीजाणू (बियांसारखे सूक्ष्म कण) विष्ठेतून रानभर पसरवतात. झाडांच्या मुळांशी नातं जोडणाऱ्या बुरशीला याचा मोठा फायदा होतो. पश्चिमेकडच्या काही जाती बिया जमिनीत जागोजागी थोड्या-थोड्या पुरतात. त्यातल्या खायच्या राहिलेल्या बिया उगवतात. पूर्वेकडचा मात्र जवळजवळ सगळा माल एकाच कोठीत नेतो.

शरदात एकच काम, भरणी. या दिवसांत तो शेजाऱ्याच्या कोठीवर डल्ला मारायलाही कमी करत नाही. म्हणूनच बिळाच्या आसपास दुसरा चिपमंक दिसला की त्याचं ‘चिप चिप’ सुरू होतं.

थंडीतली कोठी

बिळाचं तोंड जेमतेम पाच सेंटिमीटरचं, आजूबाजूला उकरलेल्या मातीचा ढीगही नाही. आत मात्र काही मीटर लांबीचे बोगदे, झोपायची खोली आणि साठा. पुष्कळदा पानांचं अंथरूण थेट साठ्यावरच असतं.

अंगावर चरबी चढवून थंडीभर झोपणाऱ्या प्राण्यांसारखं त्याचं नाही. तो काही दिवस निपचित पडतो, शरीराचं तापमान बिळातल्या गारव्याच्या जवळपास उतरतं. मग जागा होतो, कोठीतलं खातो, पुन्हा पडतो. साठा भरपूर असलेले चिपमंक कमी वेळ निपचित राहतात, हे अभ्यासकांनी त्यांना जादा दाणे पुरवून पाहिलं आहे. म्हणजे तुम्ही शरदात वाटीत टाकलेला दाणा त्याचं थंडीतलं वेळापत्रक बदलू शकतो.

आता मुद्दा असा, की कोठीत जाणारी वस्तू महिनोन्महिने टिकायला हवी. सुरुवातीच्या आमच्या मिश्रणात मक्याचा भरडा असायचा. दिसायला छान, भावाला परवडणारा. पण भरडा ओल धरतो आणि लवकर बुरसटतो. मका आणि शेंगदाण्यावर वाढणारी काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. चूक लक्षात आल्यावर आम्ही भरडा काढून टाकला.

मग काय घालायचं, आणि किती

कोरडं, बिनमिठाचं, शक्यतो टरफलासकट. टरफलात दाणा टिकतो. शिवाय ते फोडताना दात झिजतात, आणि ते झिजायलाच हवेत. चिपमंकचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात.

भोपळ्याच्या वाळलेल्या बिया, ओट, टरफलासह अक्रोड किंवा हेझलनट हे उत्तम. सूर्यफूल आणि शेंगदाणे त्याला सर्वांत आवडतात, म्हणूनच ते बेताने. दोन्हींत चरबी फार आणि कॅल्शियम कमी. सफरचंदाचा तुकडा चालतो, पण संध्याकाळी उरलेला उचलून टाका. खारवलेले दाणे, चॉकलेट, बिस्किटं, पाव यांतलं काहीही नको.

मापाचं म्हणाल तर एका वेळी मूठभर, तेही रोज नको. विक्रेत्याच्या तोंडी हे शोभत नाही हे कळतं, पण पाकीट महिनाभर पुरलं तरी आमची हरकत नाही. रानात त्याला लागणारं बहुतेक सगळं असतं. शेजारी उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवा. वाटी झुडपाच्या किंवा दगडांच्या आडोशाजवळ असू द्या, कारण उघड्यावर ससाणा टिपतो. घरात मांजर मोकळं फिरत असेल तर दाणे घालूच नका.

हातावर दाणे ठेवून खाऊ घालायचा मोह टाळा. तो चावतो, आणि बोट व शेंग यांत त्याला फारसा फरक वाटत नाही. पूर्व उत्तर अमेरिकेत लाइम नावाच्या आजाराचे जंतू चिपमंकच्या अंगात असू शकतात. ते माणसापर्यंत पोचतात गोचिडीमार्फत. म्हणून वाटी घराच्या दारापासून लांब ठेवा आणि ती धुतल्यावर हात साबणाने स्वच्छ करा.

पक्ष्यांचं खाणं आणि बागेतले कंद

पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे पळवत असेल तर खांबाला मध्यावर उपड्या परातीसारखं झाकण बसवा. मिरची लावलेले दाणेही मिळतात. तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना जाणवत नाही. ट्यूलिप, क्रोकस अशा फुलझाडांचे कंद लावताना वर बारीक जाळी पुरा. डॅफोडिलचे कंद विषारी असल्याने त्यांच्या वाटेला तो जात नाही.

पाळलेल्या चिपमंकबद्दल थोडंसं

रानातला पकडून पाळू नका. युरोपीय संघाने सायबेरियन चिपमंकला 2016 मध्ये आक्रमक परक्या जातींच्या यादीत घातलं आहे, तिथे त्याची विक्री आणि पैदास बंद आहे. इतरत्रही आधी नियम पाहा. कायदेशीररीत्या पाळलेला असेल, तर पिंजऱ्यात धावपळ कमी म्हणून चरबी आणखी कमी हवी. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिश या सागरी प्राण्याच्या हाडाचा) तुकडा ठेवा. साठवलेला माल त्याच्यासमोर सगळा काढून घेऊ नका, तो अस्वस्थ होतो. ओला आणि नासलेला तेवढा उचला.

पाकीट ठेवताना

उघडल्यावर दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा. ओला चमचा किंवा हात घालू नका. कुबट वास आला किंवा दाण्यांवर हिरवट-काळी पूड दिसली, तर निवडत बसू नका. सगळं झाकणाच्या कचरापेटीत टाका आणि डबा धुऊन उन्हात वाळवा.