ध्वनिसर्वेक्षणातली अनिश्चितता (मत्स्यसाठा)

जहाजाच्या तळाशी बसवलेल्या इको साउंडरने पाण्यात ध्वनी सोडायचा, परत आलेल्या प्रतिध्वनीची बेरीज करायची आणि तिला एका माशाच्या सरासरी प्रतिध्वनीने भागायचं, म्हणजे मासे किती ते निघतं. हा आकडा कितपत खरा धरायचा, याचं मोजमाप म्हणजे ही अनिश्चितता.

सुरुवात कोणाची यावर एकमत नाही. जपानमध्ये किमुरांनी १९२९ च्या सुमारास तळ्यातल्या माशांवर प्रयोग केला, नॉर्वेच्या ऑस्कर सुंदांनी १९३५ मध्ये लोफोटेन बेटांजवळच्या कॉड माशांचे इकोग्राम (प्रतिध्वनीचे आलेख) छापले आणि बरेच लेखक इतिहास तिथूनच सांगतात, पण ते मासे दिसणं झालं, मोजणं नाही, त्यामुळे १९६५ च्या आसपास नॉर्वेतच आलेल्या इको इंटिग्रेटरपासून (प्रतिध्वनींची बेरीज करणारं यंत्र) धरलेलं जास्त बरं.

रिपोर्टात अनिश्चितता बहुतेक वेळा सीव्ही (कोइफिशिएंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे अंदाजातली प्रमाण चूक भागिले अंदाज) म्हणून, टक्क्यांत छापतात. जहाज समांतर रेषांवर फिरतं, त्या ट्रान्सेक्टना नमुने मानून त्यांच्यातला फरक काढायचा, ही जॉली आणि हॅम्प्टन यांची १९९० ची रीत. जिओस्टॅटिस्टिक्सवाले शेजारच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात हे हिशोबात घेतात. रेषा रँडम टाकलेल्या नसतील तर त्यांचंच पटतं. पण दोन्हीत मोजला जातो तो फक्त नमुन्यातला फरक.

खरी गोची टार्गेट स्ट्रेंग्थमध्ये, म्हणजे एक मासा किती ध्वनी परत फेकतो यात. हेरिंग माशासाठी संशोधक फूट यांचं १९८७ चं समीकरण (२० लॉग लांबी वजा ७१.९ डेसिबल) अजून चालतं, त्यात २० सेंमीचा मासा साधारण वजा ४६ येतो. मात्र बहुतेक प्रतिध्वनी पोटातल्या हवेच्या पिशवीचा, आणि हेरिंग खोल गेला की ती दबते, मासा तिरका झाला तरी आकडा हलतो. इथे ३ डेसिबल चुकले की साठा दुप्पट नाहीतर निम्मा! सीव्हीला त्याचा पत्ताच नाही. दरवर्षी तीच चूक त्याच दिशेने होत असेल तर साठा वाढतोय की घटतोय हे तरी कळतं, पकडीची मर्यादा टनांत ठरवायची असेल तेव्हा मात्र ती नडते.

सगळ्यात बोलकं उदाहरण माशाचं नाही, अंटार्क्टिक क्रिलचं आहे (दिसायला आपल्या जवळ्यासारखा, पण गट वेगळा). २००० साली रशिया, ब्रिटन, जपान आणि अमेरिकेच्या चार जहाजांनी दक्षिण अटलांटिकचा भाग पिंजून काढला, अंदाज आला ४.४३ कोटी टन, सीव्ही ११.४ टक्के, म्हणजे दोन्ही बाजूंना दुप्पट सीव्ही धरून ढोबळमानाने ३.४ ते ५.४ कोटी. पुढे क्रिलच्या टार्गेट स्ट्रेंग्थचं मॉडेल बदललं, हिशोब दुरुस्त झाला आणि त्याच नोंदींतून आधी ३.७३ आणि २०१० मध्ये ६.०३ कोटी टन निघाले. नवीन एक फेरीही न मारता आकडा पट्ट्याबाहेर गेला!

अगदी तळाला चिकटलेले मासे, पृष्ठभागाजवळचे, जहाजाच्या आवाजाने पळालेले, यांचा हिशोब बहुतेक सर्वेक्षणांत वेगळा लावलेला नसतो.

२०१९ च्या क्रिल सर्वेक्षणात ६.२६ कोटी टन आले, सीव्ही १३ टक्के. २००० च्या सुधारित आकड्याशी छान जुळतंय असं वाटतं, पण तेव्हा क्रिल ओळखायला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमधला फरक वापरला होता आणि या वेळी थव्यांच्या आकारावरून ओळखलं, तेव्हा दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं.