घोड्यांच्या प्रशिक्षणातील खाद्यबक्षीस

घोड्याने हवी ती हालचाल केली की लगेच खाण्याचा छोटा तुकडा देऊन ती हालचाल पक्की करण्याची पद्धत. वर्तनशास्त्रात हिला धन प्रबलन म्हणतात. घोडा फेरण्याची रूढ रीत वेगळी आहे: लगामाचा किंवा टाचेचा दाब द्यायचा आणि घोड्याने ऐकताच तो सोडायचा. एकाच घोड्यावर दोन्ही पद्धती वापरता येतात.

हाताने खाऊ दिला की घोडा चावरा होतो, असे तबेल्यांत सर्रास सांगतात. त्यात तथ्य एवढेच, की वेळ न पाहता दिलेला खाऊ घोड्याला खिसे हुंगायला शिकवतो. खाऊ मिळतो त्या क्षणी घोडा जे करत असतो तेच पक्के होते, शिकवणाऱ्याच्या मनात काहीही असो. बर्लिनचा ‘हान्स’ हा घोडा याचा गाजलेला दाखला. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन त्याला गणिते घालत आणि बरोबर उत्तराला पाव-गाजर देत. हान्स खूर आपटून उत्तर सांगत असे. योग्य आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते आणि ते पाहून हान्स थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. घोडा शिकला होता ते माणूस वाचायला.

म्हणून योग्य क्षण टिपणारा आवाज आधी ठरवतात: क्लिकर (दाबला की ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी) किंवा एखादा आखूड शब्द. जिभेचा ‘टक् टक्’ टाळावा. बहुतेक घोड्यांना त्याचा अर्थ ‘चाल’ असा आधीच ठाऊक असतो. क्रम मोडू नये. आधी आवाज, मग हात खाऊच्या थैलीकडे. हात आधी हलला तर घोडा आवाज सोडून हातावर नजर ठेवतो.

पहिले धडे फाटकाआडून द्यावेत. घोडा थैलीकडे नाक आणत राहील तोवर काहीच करायचे नाही. ओरडायचे नाही, तोंडावर मारायचेही नाही. त्याने मान सरळ केली किंवा दुसरीकडे वळवली की आवाज आणि तुकडा. हात पूर्ण लांब करून, घोड्याचे तोंड जिथे असायला हवे तिथेच तुकडा न्यावा. अंगाजवळ भरवला तर तो अंगावरच येणार. तळवा सपाट, अंगठा बोटांना चिकटवलेला. नाकासमोरचे अगदी जवळचे घोड्याला दिसत नाही, तो ओठांनी आणि मिश्यांनी चाचपतो आणि वर आलेले बोट त्याला गाजरासारखेच लागते. हे जमले की काठीच्या टोकाच्या चेंडूला नाक लावणे, मोहरकीत स्वतःहून तोंड घालणे, नालबंदासाठी पाय उचलून धरू देणे अशी कामे घ्यावीत.

तुकडा करंगळीच्या पेराएवढा पुरे. मोठा असला तर चघळण्यात धडा विसरतो. गाजराच्या गोल चकत्या नकोत, त्या अन्ननलिकेत अडकू शकतात. उभ्या पातळ फोडी कराव्यात. नाकातून चारा मिसळलेली लाळ येऊ लागली तर खाणे बंद करून पशुवैद्य बोलवावा. सर्वांत सोयीचा खाऊ म्हणजे चिरलेला लसूणघास किंवा रोजच्या चंदीतलीच मूठभर, दिवसाच्या मापातून वजा केलेली. गूळ घोड्यांना फार आवडतो आणि नेमकी तीच अडचण आहे: उतावळा घोडा त्याने आणखी उतावळा होतो. स्थूल किंवा लॅमिनायटिस (खुरांच्या आतला दाह) झालेल्या घोड्याला गूळ, साखर देऊच नये.

उपाशी घोडा लवकर शिकतो ही समजूत चुकीची. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवते, त्यामुळे पोट रिकामे ठेवणे मुळात अपायकारक. शिवाय भुकेला घोडा हिसकावतो. धड्याआधी वाळलेले गवत द्यावे, धडा पाच-सात मिनिटांचा ठेवावा आणि संपताना थोडे गवत जमिनीवर टाकून बाजूला व्हावे. सुरुवातीला प्रत्येक बरोबर हालचालीला तुकडा हवा. पुढे तो विरळ करायचा, पण एकदम नाही. अचानक आखडता हात घेतला की घोडा जमीन उकरतो, दात लावतो. त्या वेळी गप्प करायला दिलेला तुकडा चावण्यालाच बक्षीस ठरतो. बहुतेक ‘बिघडलेले’ घोडे असेच बिघडतात.

शिंगरांना हातातून खाऊ देऊ नये. त्यांची तोंड लावायची खोड उपजतच मोठी असते. त्यांना आयाळ संपते तिथे खाजवणे पुरते. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरील १९९३ च्या अभ्यासात तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले.

माथेरानला वाहनबंदीमुळे पर्यटक घोड्यावरून फिरतात. अशा ठिकाणी खाऊ द्यायचाच असेल तर घोडेवाल्याच्या हाती द्यावा. चॉकलेट कुठल्याच घोड्याला नको. त्यातले थिओब्रोमिन अपायकारक असतेच, शिवाय स्पर्धेच्या घोड्याच्या उत्तेजक चाचणीतही सापडते.