गोल्डमन टोनोमीटर: ड्रमवरचा आकडा खरा आहे का, हे कसे पाहावे

टोनोमीटर म्हणजे डोळ्यातला दाब मोजण्याचे यंत्र. तो बिघडला तरी मोजताना दिसणारी अर्धवर्तुळे नेहमीसारखीच जुळतात. चुकतो तो फक्त ड्रमवरचा, म्हणजे बल कमी-जास्त करायच्या फिरत्या मुठीवरचा आकडा. म्हणून महिन्यातून एकदा, आणि यंत्र पडले, हलवले किंवा प्रवासातून आले की लगेच, सोबत दिलेल्या वजनदांडीने तपासणी करावी. रुग्ण नसताना पाच-सात मिनिटांचे काम आहे.

प्रिझम (डोळ्याला टेकणारे टोक) कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, ३.०६ मिमी व्यासाचा गोल सपाट करते. एवढ्या गोलासाठी १ ग्रॅम बल म्हणजे १० मिमी पारा. ड्रमचा आकडा दहाने गुणतो तो यामुळेच. ड्रमवरच्या दोन बारीक रेषांमधले अंतर २ मिमी पाऱ्याचे, तेव्हा आकडा समोरून, नजर सरळ ठेवून वाचा.

टोनोमीटर स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) नेहमीच्या जागी लावा आणि प्रिझम बसवा. प्रिझमशिवाय केलेली तपासणी फुकट जाते, कारण भुजेचा (प्रिझम धरणाऱ्या दांड्याचा) तोल त्याच्या वजनासह साधलेला असतो. प्रिझम कोरडे हवे. पंखा बंद करा. त्याच्या वाऱ्यानेही भुजा डुलते आणि उगाच शंका येते.

आधी शून्य. ड्रम शून्याच्या किंचित खाली, साधारण रेषेच्या जाडीइतका (०.०५) न्या. भुजा बोटाने हलकेच मधोमध आणून सोडा: ती तपासणाऱ्याकडे परतली पाहिजे. तेवढाच शून्याच्या वर नेला की रुग्णाच्या बाजूला झुकली पाहिजे.

मग वजनदांडी. तिच्यावर पाच खुणा असतात: मधली ०ची, तिच्या दोन्ही बाजूंच्या २च्या, टोकाकडच्या ६च्या. २ची खूण दांडी धरणाऱ्या धारकावरच्या खुणेशी नेमकी जुळवा आणि धारक टोनोमीटरच्या आसावर बसवा. दांडीचा लांब भाग तपासणाऱ्याकडे हवा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. दांडी उलटी बसली की भुजा पुढेच जाते आणि यंत्र बिघडले असे वाटते. १.९५ ला भुजा मागे, २.०५ ला पुढे गेली तर ठीक. ६च्या खुणेवर हेच ५.९ आणि ६.१ ला पाहा.

समजा २च्या खुणेवर भुजा २.२ झाल्यावरच पुढे गेली. याचा अर्थ प्रत्यक्ष बल २ ग्रॅम असताना ड्रम २.२ दाखवतो, म्हणजे २० चा दाब २२ वाचला जातो. उलट १.८ लाच गेली तर २० चा दाब १८ दिसेल. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण काचबिंदूच्या रुग्णाचा वाढलेला दाब त्यात झाकला जातो. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर बहुधा तोल ढळला आहे. आधी प्रिझम नीट बसले आहे का ते पाहून पुन्हा करा. फरक आकड्याबरोबर वाढत गेला तर संशय स्प्रिंगवर. भुजा मध्येच अडखळत असेल तर आसात घाण किंवा घर्षण आहे. तिथे तेल मात्र घालू नका; त्यावर धूळ बसून ते चिकट होते.

फरक मनात वजा करून काम चालवणे आम्हाला पटत नाही: तो प्रत्येक दाबाला सारखा असेलच असे नाही. स्क्रूही फिरवू नका. यंत्र दुरुस्तीला पाठवताना प्रिझम काढून वेगळे बांधा आणि ०, २, ६ या तिन्ही ठिकाणी भुजा कोणत्या आकड्याला हलली ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.