ब्राह्मी एक, मोडी वेगळी: कोरीव अक्षरं संगणकात आली त्यामागची पार्श्वभूमी

नाणेघाटातल्या सातवाहन राणीच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेचा एक आकडा आहे, २४,४००. दगडावर तो तीन चिन्हांत मावतो: वीस हजारांचं एक, चार हजारांचं एक, चारशेचं एक. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराच्या चिन्हालाच वीस चिकटवला की वीस हजार, चार चिकटवला की चार हजार. संगणकावर हाच आकडा लिहायचा तर नऊ नोंदी कराव्या लागतात. हजार, सांधा, वीस. पुन्हा हजार, सांधा, चार. मग शंभर, सांधा, चार. हा ‘सांधा’ दगडावर कुठंच नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या मानकात, ब्राह्मीसाठी मुद्दाम घातलेला अदृश्य दुवा आहे. फाँटला तो कळला तर चिन्हं जुळतात, नाही तर सुटे तुकडे शेजारीशेजारी उभे राहतात.

इथवर पोचायला बराच काळ गेला. ब्राह्मी, म्हणजे अशोकाच्या आणि सातवाहनांच्या लेखांची लिपी, १८३७ मध्ये वाचली गेली. त्यानंतर दीडशे वर्षं अभ्यासाचं साधन म्हणजे शाईचा कागदी ठसा, त्याचं छायाचित्र आणि छापील वाचन. संगणक आल्यावरही लेख साठवले गेले ते रोमन अक्षरांत, वरखाली टिंबं-रेघा देऊन. आजही बहुतेक संग्रह तसेच आहेत. त्यामुळे ‘रोमनमध्ये भागतंय, मग मूळ लिपीला संकेतांक हवेत कशाला?’ असं म्हणणारे जाणकार होते आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नव्वदच्या दशकात निघालेले ब्राह्मी किंवा मोडीचे फाँट म्हणजे नुसता मुखवटा होता. आत रोमन अक्षर, वर जुन्या लिपीचं रूप. फाँट गेला की मजकुराचा चुरा. आपल्याकडे जुन्या देवनागरी फाइलींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

खरोष्ठी ही वायव्येकडची जुनी लिपी २००५ मध्ये युनिकोडमध्ये आली, ब्राह्मी २०१० मध्ये. खरा वाद होता तो ‘ब्राह्मी किती?’ या प्रश्नावर.

अशोकाच्या लेखातला ‘क’ म्हणजे साधी अधिकची खूण. नाशिकच्या पांडवलेण्यांत येईपर्यंत त्याचा उभा दांडा लांबतो, खालचं टोक वळतं, डोक्यावर जाडसर ठिपका बसतो. गुप्तकाळात तो आणखी बदलतो. ज्या लेखात राजाचं नाव नाही, वर्ष नाही, त्याचा काळ आपण अशा वळणांवरूनच ठरवतो. मग अशोकाची ब्राह्मी, कुषाणांची, गुप्तांची असे वेगवेगळे संच करायचे की एकच? निर्णय झाला, एकच. वळण ही फाँटची बाब ठरली.

मला हा निर्णय योग्य वाटतो. हे वळण एका रात्रीत बदललेलं नाही, त्यामुळे रेघ कुठं मारायची हे कोणालाच सांगता आलं नसतं. शिवाय जुन्नर, कार्ले, कान्हेरी, नाशिक इथल्या लेखांत ‘थेर’ (ज्येष्ठ बौद्ध भिक्षू) हा एकच शब्द शोधायला प्रत्येक संचात स्वतंत्र शोध घ्यावा लागला असता. पण याची किंमतही मोठी आहे. ज्या पुराव्यावर कालनिर्णय उभा आहे, तोच मजकुराच्या फाइलीतून गळून पडतो. फाइलीतला ‘क’ अशोकाचा की क्षत्रपांचा, हे फाइल सांगू शकत नाही. तमिळ ब्राह्मीची खास चिन्हंही वेगळी न काढता याच संचात बसवली गेली, त्यातली शेवटची २०२१ मध्ये.

गंमत अशी की देवनागरीच्या बाबतीत याच्या उलट घडलं. यादवकाळच्या शिलालेखांत मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता डाव्या बाजूला उभी देतात, ती पडिमात्रा. उच्चार तोच, फक्त जागा वेगळी. तरीही २००९ मध्ये तिला स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्यामुळे एकच ‘को’ आता दोन प्रकारे साठवता येतो आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. लेख टंकताना कोणता वापरायचा हे आधी ठरवून घेतलं नाही, तर पुढं फार त्रास होतो.

मोडीचा वाद मराठी माणसाला जास्त जवळचा. ‘मोडी म्हणजे हात न उचलता लिहिलेली देवनागरीच, तिला फाँट पुरे’ असा एक पक्ष होता. त्यावर सगळ्यांत भक्कम उत्तर कागदांवरच होतं. शिवकालीन पत्र पाहा. मजकूर मोडीत आणि माथ्यावरची मुद्रा देवनागरीत. दोन्ही लिपी एकच मानल्या तर साध्या मजकुरात हा भेद टिकणारच नाही. २०१४ मध्ये मोडी ७९ चिन्हांसह स्वतंत्र लिपी म्हणून आली. युनिकोडच्या त्याच आवृत्तीत ग्रंथ लिपीही आली, तमिळ प्रदेशात संस्कृत लिहिण्यासाठी वापरली जाणारी. तिच्या संकेतांकांवरून तमिळनाडूत २०१० पासून तीव्र विरोध झाला होता. मोडीला त्या मानानं काहीच सोसावं लागलं नाही.

एक गाठ मात्र राहिली. प्रत्यक्ष मोडी कागदात बहुतेक वेळा एकच वेलांटी आणि एकच उकार असतो. मानकात मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही आहेत. म्हणजे एक लिप्यंतरकार दिसतं तसं टंकणार, दुसरा आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे, आणि एकाच पत्राच्या दोन प्रती निराळ्या होणार.

गेल्या दशकभरातलं बरंचसं काम गळलेलं परत मिळवण्याचं आहे. ओळ कुठं संपते, कोणतं अक्षर झिजलंय, कोणतं संपादकानं भरलंय, हे एपिडॉकसारख्या खुणांच्या पद्धतीनं मजकुरातच नोंदवतात. जिथं जमेल तिथं ओळीला छायाचित्र जोडतात. ब्राह्मीच्या वळणांचा प्रश्न सुटण्याचा मार्गही मला हाच दिसतो, कारण छायाचित्रातला ‘क’ आपला काळ सांगतो.

मोडीच्या यंत्रवाचनानंही आता वेग घेतलाय. यंत्राला मोडी शिकवण्यासाठी २०२५ मध्ये मांडलेल्या एका प्रतिमासंचात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांच्या मिळून सुमारे दोन हजार प्रतिमा आहेत. कोट्यवधी कागदांपुढे हा आकडा लहान असला तरी सुरुवात खरी आहे. मात्र या संचात प्रतिमेसमोर थेट देवनागरी वाचन ठेवलेलं आहे. मोडीचे स्वतंत्र संकेतांक वाटेत येतच नाहीत. कागदावरची ती एकुलती एक वेलांटी उतरवताना ऱ्हस्व घ्यायची की दीर्घ, हे तिथं यंत्र ठरवतं.